‘सुरक्षा प्रमाणपत्र’ : संज्ञा, आज्ञा आणि आप्तवचन – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

‘प्रमाणपत्र’ हा शब्द अंबड परिसरातील माणसाला नवा नाही. जन्म, रहिवास, उत्पन्न, जात, नॉन-क्रीमीलेअर अशा अनेक कागदांच्या रूपाने तो त्याच्या आयुष्यात येत असतो. याच तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २०२३ साली झालेल्या उपोषणानंतर निजामकालीन नोंदींचा शोध घेण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमण्यात आली आणि ‘प्रमाणपत्र’ हा शब्द राज्याच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आला. त्या प्रश्नात शिरणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. मात्र एका नोंदीवर, ती ठेवणाऱ्या हातावर आणि ती खरी मानणाऱ्या यंत्रणेवर माणसाचे किती काही अवलंबून असते, याची जाण या भूमीला आहे, एवढे येथे नमूद करावेसे वाटते.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेले प्रमाणपत्र मात्र कागदाचे नाही. ते संकेतस्थळाला दिले जाते, यंत्र ते मागते, यंत्रच ते देते आणि बहुतेक वेळा ते कोणी वाचत नाही. मराठीत त्यास ‘डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्र’ असे म्हटले जाते. काही वर्षांपूर्वी, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, एका ग्रामीण महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या अशा प्रमाणपत्राची मुदत संपली. प्रवेशअर्ज भरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर ‘आपले कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा दिसू लागला. चौकशीसाठी दूरध्वनी आले. कार्यालयातून उत्तर दिले गेले, “घाबरू नका, खाली ‘ॲडव्हान्स’ लिहिले आहे ते दाबा आणि पुढे जा.” तीन दिवस हे उत्तर दिले जात होते. संकेतस्थळ समितीचा एक सदस्य या नात्याने प्रस्तुत लेखकानेही ते काही विद्यार्थ्यांना दिले. चौथ्या दिवशी दोष सापडला व दहा मिनिटांत दूर झाला. अर्ज भरले गेले, प्रवेश झाले, आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटले.

परंतु त्या तीन दिवसांत आपण विद्यार्थ्यांना नेमके काय शिकवले, हा प्रश्न शिल्लक राहिला. बँकेच्या वा शिष्यवृत्तीच्या नावाने येणाऱ्या फसव्या दुव्यांपासून सावध राहा, असे ज्यांना आपण कार्यशाळेत सांगतो, त्यांनाच इशारा ओलांडून जाण्याचा पाठ आपण दिला होता. प्रस्तुत लेख या प्रश्नातून सिद्ध झाला आहे.

अभ्यासाचे प्रयोजन व मर्यादा :

प्रस्तुत लेखक भाषा-साहित्याचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. म्हणून येथे प्रमाणपत्र मागण्याच्या व त्याचे नूतनीकरण करण्याच्या कमांड लाइनवरील प्रक्रियेचा विचार ‘पाठ’ म्हणून केला आहे. या पाठात कोण बोलते, कोणाला विचारते, काय विचारत नाही आणि त्यातून सिद्ध होणारे विधान नेमके कोणते, हे तपासणे हा प्रमुख हेतू आहे. त्याचबरोबर मराठीत रूढ झालेली ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ ही संज्ञा त्या विधानाशी प्रामाणिक आहे काय, याची चिकित्सा केली आहे. गूढलेखनाचे गणित या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे.

१. एक शब्द, तीन वस्तू :

आज तालुक्याच्या ठिकाणी ‘डिजिटल प्रमाणपत्र’ हा शब्द किमान तीन भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. पहिली वस्तू म्हणजे ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून मिळणारा, अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेला दाखला. दुसरी म्हणजे ती स्वाक्षरी करता यावी म्हणून अधिकाऱ्याला व्यक्तिशः दिलेले स्वाक्षरी-प्रमाणपत्र. ते बहुधा पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि त्याने अशा स्वाक्षरीला कायद्याचे बळ दिले. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, तो याच बळावर. तिसरी वस्तू म्हणजे संकेतस्थळाचे प्रमाणपत्र. ते व्यक्तीला नव्हे, तर इंटरनेटवरील एका नावाला दिले जाते.

या तिन्ही वस्तूंमागील गणित एकाच कुळातील असले, तरी त्यांची विधाने भिन्न आहेत. पहिली म्हणते, ‘या अर्जदाराचे उत्पन्न एवढे आहे.’ दुसरी म्हणते, ‘ही स्वाक्षरी या व्यक्तीची आहे.’ तिसरी मात्र एवढेच म्हणते, ‘या नावाच्या संकेतस्थळावर ज्याचा ताबा आहे, त्याची सार्वजनिक किल्ली ही आहे.’ तो ताबेदार कोण, तो सज्जन की ठक, तो सांगतो ते खरे की खोटे, याविषयी सर्वसामान्य प्रकारचे संकेतस्थळ-प्रमाणपत्र मौन बाळगते. तीनही वस्तूंना एकच नाव दिल्यामुळे पहिल्या दोहोंची प्रतिष्ठा नकळत तिसरीला मिळते. येथेच गैरसमजाचे मूळ आहे.

२. मागणीचा पाठ : ऑस्ट्रेलिया ते अंबड :

कमांड लाइन म्हणजे चित्रे व बटणे नसलेला, केवळ अक्षरांचा पडदा. येथे माणूस एक ओळ लिहितो आणि यंत्र उत्तर देते. प्रमाणपत्र मागण्याची जुनी रीत ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीची आहे. ‘रेक’ ही आज्ञा दिली असता यंत्र प्रथम किल्ल्यांची एक जोडी घडवते. त्यांपैकी खासगी किल्ली आपल्या सर्व्हरवर राहते व ती कोणालाही द्यावयाची नसते. सार्वजनिक किल्ली मागणीपत्रात जाते. त्यानंतर यंत्र एकामागून एक प्रश्न विचारते : देशाचा दोन अक्षरी संकेत कोणता? राज्य कोणते? गाव कोणते? संस्था कोणती? विभाग कोणता? आणि नाव काय?

या प्रश्नावलीचे एक वैशिष्ट्य अभ्यासनीय आहे. काही प्रश्नांपुढे चौकटी कंसात एक तयार उत्तर दिलेले असते. काही न लिहिता एंटर दाबले, तर तेच उत्तर गृहीत धरले जाते. ओपनएसएसएलच्या मूळ मांडणीत देशाचे तयार उत्तर ‘एयू’ म्हणजे ऑस्ट्रेलिया आहे, राज्याचे ‘सम-स्टेट’ म्हणजे कुठलेतरी राज्य, आणि संस्थेचे ‘इंटरनेट विजिट्स’ या कल्पित कंपनीचे नाव. याचा इतिहास सरळ आहे. ऑस्ट्रेलियात एरिक यंग व टिम हडसन यांनी लिहिलेल्या ‘एसएसएलईए’ या आज्ञावलीवरून १९९८ साली ओपनएसएसएल उभे राहिले व जन्मस्थळाची खूण त्यावर राहून गेली. अंबडमधील एखाद्या कर्मचाऱ्याने घाईत चार वेळा एंटर दाबले, तर त्याची संस्था मागणीपत्रापुरती ऑस्ट्रेलियातील कुठल्यातरी राज्यातली होते. यंत्र हरकत घेत नाही. प्रश्न विचारणे आणि उत्तराची पडताळणी करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे या पाठातून प्रथम कळते.

दुसरी बाब भाषेची आहे. गावाच्या प्रश्नाला देवनागरीत ‘अंबड’ असे उत्तर द्यावयाचे असल्यास ‘यूटीएफ-८’ हा जादा पर्याय आज्ञेत आधीच लिहावा लागतो. एरवी यंत्र लॅटिन अक्षरेच गृहीत धरते. २०१४ साली ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम सुरू झाले, ही स्वागतार्ह घटना होय. तथापि असे देवनागरी नाव प्रमाणपत्रात मूळ रूपात न येता ‘एक्सएन’ या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या लॅटिन रूपांतरात येते. आपल्या नावाची साक्ष आपल्याच लिपीत वाचण्याची सोय या पाठात नाही.

नव्या रीतीत ही प्रश्नावलीच उरलेली नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. अमेरिकेतील इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था ती चालवते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची ‘सर्टबॉट’ ही आज्ञावली तिच्याकडून प्रमाणपत्र आणून देते. सर्टबॉट देश, राज्य, गाव वा संस्था विचारत नाही. ते संकेतस्थळाचे नाव विचारते, अटी मान्य आहेत काय ते विचारते, आणि मग थेट परीक्षा घेते : ‘हे नाव तुमच्या ताब्यात असेल, तर मी सांगतो ती खूण अमुक जागी ठेवून दाखवा.’ खूण संकेतस्थळावरील एका ठरावीक पत्त्यावर फाइल म्हणून ठेवता येते, किंवा नावाच्या नोंदींमध्ये एक ओळ म्हणून लिहिता येते. खूण सापडली की प्रमाणपत्र मिळते. या संवादाचे नियम ‘आक्मे’ या नावाने मार्च २०१९ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाले.

जुना पाठ पुष्कळ विचारत असे, पण अर्जदाराच्या बोलण्यावर त्याची भिस्त असे; पडताळणी पुढे माणसांच्या हाती. नवा पाठ एकच गोष्ट विचारतो व ती स्वतः तपासून पाहतो. हा बदल प्रामाणिकपणाच्या दिशेने झाला आहे, असे म्हणावे लागते. परंतु त्यामुळे प्रमाणपत्राचा आशयही तेवढाच मर्यादित झाला आहे. त्यात अंबड नाही, महाविद्यालय नाही. आहे ते फक्त एक नाव.

३. आप्तवचन आणि मुद्रा :

भारतीय न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे, म्हणजेच विश्वासार्ह व्यक्तीचे वचन. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र या शब्दप्रमाणाच्या वर्गात मोडते. आपल्या मोबाइलमधील ब्राउझर महाविद्यालयाला ओळखत नाही. तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ओळखतो, आणि तिला ओळखतो म्हणजे तिचे नाव त्याच्या विश्वासयादीत आहे. ही यादी मोझिला, गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट अशा मोजक्या संस्था ठेवतात. म्हणजे आप्त कोण, हे वाचकाने ठरवलेले नसून वाचकाच्या यंत्राच्या निर्मात्याने ठरवलेले असते.

मराठी वाचकाला ही साखळी समजावून देण्यासाठी मराठेशाहीतील मुद्रेचा दाखला उपयुक्त ठरतो. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव आधी व मुख्य प्रधानाचे नाव नंतर येत असे. पेशव्याचा अधिकार स्वयंभू नाही, तो वरून आलेला आहे, हे शिक्काच सांगत असे. आजच्या साखळीतही संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर मधल्या प्राधिकाऱ्याची मुद्रा असते व त्या प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर मूळ प्राधिकाऱ्याची. त्याचप्रमाणे पत्राच्या शेवटी उमटवले जाणारे ‘मोर्तब’ हे मजकुराची सीमा दाखवत असे. त्याखाली कोणी ओळ वाढवू नये, हा त्याचा हेतू. मजकुरात एका अक्षराचाही बदल झाला तर डिजिटल स्वाक्षरी जुळत नाही, हे त्याचेच अधिक कठोर रूप म्हणता येईल. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज केवळ ‘मान्यता’ या अर्थाने वापरतो. त्याच्या मुळाशी अधिकार आणि अखंडता या दोन स्वतंत्र हमी आहेत, याचा विसर पडू नये.

मात्र साधर्म्याबरोबर भेदही पाहावा लागतो. शिक्का ज्याच्या हाती असे, तो माणूस दरबाराला ठाऊक असे. शिक्क्याचा गैरवापर झाला, तर जाब कोणाला विचारायचा हे ठरलेले असे. आप्तच चुकला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या काही क्षेत्रनामांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे त्या कंपनीच्या लक्षात आले. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून निघाली होती. भारताच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी त्या केंद्राची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. निर्गमन प्रक्रियेत बाहेरून हस्तक्षेप झाला व चार प्रमाणपत्रे चुकीची निघाली, असा खुलासा पुढे करण्यात आला. त्याखेरीज आणखीही चुकीची प्रमाणपत्रे आढळल्याचे गूगलने सांगितले आणि क्रोम ब्राउझरमध्ये भारतीय मूळ प्राधिकाऱ्यावरील विश्वास सात ठरावीक क्षेत्रनामांपुरता मर्यादित केला. सार्वभौम राष्ट्राच्या मुद्रेची सीमा एका खासगी कंपनीने आखून दिली, असा या घटनेचा अर्थ होतो. त्या कंपनीची कृती तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होती, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

यानंतरच्या काळात बेंगळुरूच्या ‘ईमुद्रा’ या कंपनीच्या मूळ प्रमाणपत्रांना जागतिक विश्वासयादीत स्थान मिळाले. स्वदेशी ब्राउझर घडवण्याची स्पर्धा केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केली. भारतीय मूळ प्राधिकाऱ्याचा विश्वासयादीत समावेश ही तिची एक अपेक्षा होती. मार्च २०२५ मध्ये तिचे प्रथम पारितोषिक ‘झोहो’ या कंपनीला जाहीर झाले. हे प्रयत्न महत्त्वाचे असले, तरी २०१४ चा धडा वेगळा आहे. आप्त देशी असो वा परदेशी, त्याचे वचन तपासता येण्याची सोय हवी. अशी सोय आज अंशतः झाली आहे. एप्रिल २०१८ नंतर दिल्या गेलेल्या प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक नोंदवहीत असावी, असा आग्रह क्रोमने धरला. त्यामुळे आपल्या महाविद्यालयाच्या नावाने कोणी, केव्हा प्रमाणपत्र घेतले, हे आज कोणालाही पाहता येते.

४. नूतनीकरणाचा पाठ :

संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत सातत्याने घटत आली आहे. मार्च २०१८ पासून कमाल मर्यादा ८२५ दिवस होती. सप्टेंबर २०२० पासून ती ३९८ दिवस झाली. एप्रिल २०२५ मध्ये संबंधित संघटनेने संमत केलेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी आहे. लेट्स एन्क्रिप्टने तर आरंभापासूनच ९० दिवसांचा नियम ठेवला. किल्ली चोरीस गेली किंवा नाव दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर जुने वचन फार काळ फिरत राहू नये, हे यामागचे कारण पटण्यासारखे आहे.

वर्षाला एकदा करावयाचे काम माणूस दैनंदिनीत लिहून ठेवतो. वर्षाला आठ वेळा करावयाचे काम यंत्राकडेच द्यावे लागते. ‘सर्टबॉट रिन्यू’ ही दोन शब्दांची आज्ञा त्यासाठी आहे. ती सामान्यतः दिवसातून दोनदा आपोआप चालते. मुदत पुरेशी शिल्लक असेल, तर वेळ अद्याप आलेली नाही असे नोंदवून थांबते. मुदत जवळ आली असेल, तर परीक्षा पुन्हा देऊन नवे प्रमाणपत्र आणते. प्रत्यक्ष बदल न करता रंगीत तालीम घेण्यासाठी ‘ड्राय-रन’ हा पर्याय आहे. नवे प्रमाणपत्र आल्यावर वेबसर्व्हरने ते वाचावे, यासाठी त्याला पुन्हा जागे करावे लागते. ती सूचना आज्ञेला जोडलेली नसेल, तर नवे प्रमाणपत्र फाइलमध्ये पडून राहते आणि सर्व्हर जुनेच दाखवत बसतो.

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या घटनेत काय झाले होते? नव्या संरक्षक व्यवस्थेत सर्व्हरचे ८० क्रमांकाचे दार बंद केले गेले होते. परीक्षेची खूण तपासण्यासाठी प्राधिकारी त्याच दाराने येत असे. आज्ञा रोज दोनदा चालत होती, मुदत जवळ आल्यापासून रोज दोनदा अपयशी ठरत होती, आणि त्या अपयशाची नोंद कोणीही न उघडणाऱ्या फाइलमध्ये इमानेइतबारे करीत होती. मुदत संपत आल्याचे स्मरणपत्रही आले होते. ते गेले होते एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ई-मेलवर, आणि तो कर्मचारी वर्षापूर्वीच काम सोडून गेला होता.

या प्रसंगात यंत्राला दोष देता येत नाही. यंत्राने आपले काम केले व आपले अपयशही लपवले नाही. दोष होता तो संस्थेच्या स्मृतीत. ४ जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची स्मरणपत्रे पाठवणेही थांबवले आहे. म्हणजे स्मरणाची ती उसनी सोयही आता नाही. महाविद्यालयात जडवस्तू नोंदवही असते, ग्रंथालयाची दाखलनोंदवही असते, गोल शिक्का कोणत्या कपाटात व कोणाच्या ताब्यात याची नोंद असते. संकेतस्थळाची खासगी किल्ली कोठे आहे, तिच्यापर्यंत कोणाकोणाचा हात पोहोचतो, क्षेत्रनामाचे खाते कोणाच्या नावावर आहे, याची नोंद मात्र पुष्कळदा ठेवली जात नाही. संकेतस्थळ वार्षिक कंत्राटावर दिलेले असेल, तर किल्लीही कंत्राटदाराकडेच असते. आपला शिक्का दुसऱ्याच्या कमरेला, अशी ही स्थिती आहे.

५. संज्ञेची चिकित्सा :

आता मूळ संज्ञेकडे वळू. ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ या समासाचा सहज होणारा विग्रह ‘सुरक्षिततेचे प्रमाणपत्र’ असा आहे. वाचक त्यातून ‘हे संकेतस्थळ सुरक्षित आहे, असे कोणीतरी प्रमाणित केले आहे’ असा बोध घेतो. वस्तुतः प्रमाणपत्र दोनच गोष्टींची शाश्वती देते : वाचक ज्या नावाशी बोलू इच्छितो त्याच नावाशी तो बोलत आहे, आणि वाटेत तिसरा कोणी ते बोलणे वाचत वा बदलत नाही. फसवणूक करणाऱ्याने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ उघडले, तर त्यालाही तेच प्रमाणपत्र तितक्याच सहजतेने मिळते. ठकाशी झालेला संवादही मग पूर्णतः ‘सुरक्षित’ असतो. संज्ञेचा हा दोष केवळ मराठीचा नाही. कुलपाचे चिन्ह पाहून लोक संकेतस्थळालाच विश्वासार्ह समजतात, या कारणाने क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढून त्याजागी साधे चिन्ह आणले. चित्राची दुरुस्ती झाली. शब्दाची अद्याप व्हावयाची आहे.

याबाबत लोकभाषा आपल्याला मार्ग दाखवते. शासकीय कागदावर ‘प्रमाणपत्र’ असे छापलेले असले, तरी लोक ‘दाखला’ म्हणतात : उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘दाखल’ म्हणजे आत आलेला, नोंद झालेला. दाखला गुणवत्तेची ग्वाही देत नाही. अमुक दिवशी अमुक नोंद झाली, एवढेच सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात आहे म्हणून विद्यार्थी हुशार आहे असे कोणी समजत नाही. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राचे विधानही याच जातीचे आहे, आणि प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत दाखल करण्याच्या आजच्या पद्धतीमुळे तर हा शब्द अधिकच यथार्थ ठरतो. म्हणून ‘संकेतस्थळाचा ओळखदाखला’ अशी संज्ञा प्रस्तुत लेखक सुचवू इच्छितो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रूढ संज्ञा बदलल्याने गोंधळ वाढतो. हा आक्षेप पारिभाषिक कोशापुरता मान्य करता येईल. परंतु वर्गात, कार्यशाळेत व सूचनाफलकावर ‘ओळखदाखल्याची मुदत संपली आहे’ असे लिहिले, तर नॉन-क्रीमीलेअरच्या मुदतीचा अनुभव असलेल्या विद्यार्थ्याला ते तत्काळ कळते. मुदत संपली म्हणजे समोरचा खोटा ठरला असे नव्हे, पण नवा दाखला येईपर्यंत त्यावर व्यवहार करू नये, हा विवेक त्याच्याकडे आधीपासूनच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाव बदलल्याने किल्ली सांभाळली जात नाही, हे खरेच आहे. तथापि चुकीच्या नावामुळे ती सांभाळण्याची गरजच वाटत नाही, हेही तितकेच खरे. ‘सुरक्षा’ विकत घेता येते अशी समजूत असते. ओळख मात्र ज्याची त्यालाच जपावी लागते.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) संकेतस्थळाचे प्रमाणपत्र हे शब्दप्रमाण आहे. ते नावाची साक्ष देते, चारित्र्याची नव्हे. ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ ही संज्ञा हा भेद झाकते.

२) कमांड लाइनवरील मागणीचा जुना पाठ स्थळ व संस्था विचारत असे, नवा पाठ केवळ नावावरील ताबा तपासतो. पडताळणीची विश्वासार्हता वाढली, आशय मात्र संकुचित झाला.

३) नूतनीकरणाची आज्ञा शिक्का उमटवणाऱ्या माणसाचे काम करते, त्याची जबाबदारी पेलत नाही. ती जबाबदारी संस्थेचीच राहते.

४) प्रत्येक महाविद्यालयाने क्षेत्रनाम, खासगी किल्ली, नूतनीकरणाची रीत व मुदत यांची नोंद जडवस्तू नोंदवहीप्रमाणेच ठेवावी, सूचना व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या ई-मेलवर याव्यात, आणि महिन्यातून एकदा रंगीत तालमीची आज्ञा देऊन तिचे उत्तर कोणीतरी वाचावे.

५) मुदत संपलेल्या संकेतस्थळाचा इशारा ओलांडण्यास विद्यार्थ्यांना कोणत्याही कारणाने सांगू नये. दोष दूर होईपर्यंत कागदी अर्ज स्वीकारावेत.

अंबड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. या भागातील जुन्या कागदांत म्हणूनच मोडी मराठीबरोबर उर्दू लेखनही भेटते. ते कागद आज वाचता येणारे थोडेच आहेत, आणि वाचणारा नसला की नोंद असूनही नसल्यासारखी होते, हा अनुभव या भागाने घेतला आहे. सर्व्हरवरील त्या फाइलमध्येही रोज दोन ओळी लिहिल्या जात होत्या. त्या साध्या, स्पष्ट आणि खऱ्या होत्या. वाचणारा कोणी नव्हता. यापुढे तो नेमला जावा, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.